आजोबांच्या ट्रंकेतले मानसशास्त्राचे कागद: काय ठेवायचं आणि त्यातून काय वाचायचं

रद्दीवाल्याला तूर्त नको म्हणा. बाकीचं सावकाश बोलू.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजोबा नाशकातल्या एका महाविद्यालयात पन्नासच्या दशकापासून सत्तरच्या दशकापर्यंत आधी तत्त्वज्ञान आणि मग मानसशास्त्र शिकवत होते. जुन्या नाशकातला वाडा आता पाडायला निघालाय आणि माळ्यावर दोन ट्रंका नि भिंतीतलं एक कपाट भरून कागद सापडलेत. त्यात व्याख्यानांच्या इंग्रजी वह्या आहेत, मुलांनी परत न नेलेली जर्नलं, म्हणजे प्रॅक्टिकलच्या नोंदवह्या, आहेत, सायक्लोस्टाइलचे कागद, पत्रं, काळ्या कागदाची एक गुंडाळी आणि लाकडी पेटीत दोन टोकांचं काहीतरी पितळी आहे. चुलतभाऊ म्हणतोय की वह्या स्कॅन करून पुस्तक काढू, बाकीचं देऊन टाकू. तुम्हाला हवंय ते दोन गोष्टींचं उत्तर: बाकीच्याला काही किंमत आहे का, आणि सुरुवातीच्या काळात नाशकात मानसशास्त्र कसं शिकवलं जायचं ते यातून लिहिता येईल का.

बाजारात याला किंमत नाही, पितळेची येईल तेवढीच. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र हो आहे, आणि ते तुमच्या चुलतभावाच्या बरोबर उलट बाजूला जातं. यातलं एकच काही ठेवायची वेळ आली तर मी मुलांची जर्नलं ठेवीन आणि सुवाच्य वह्या सोडीन. मी स्वतः बरीच वर्षं मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलच्या बॅचेस घेतल्या. निवृत्तीनंतर अशा ट्रंका लावून देण्याचं काम अंगावर आलं, ते अजून चालू आहे. तेव्हा हे मत कोरडं नाही, पण मतच आहे.

व्याख्यानाची वही म्हणजे बहुतेक वेळा पाठ्यपुस्तकाचा गोषवारा. त्या पिढीतले प्राध्यापक जेम्स वाचायचे, स्टाउट वाचायचे, पुढे वुडवर्थ वाचायचे आणि त्यातून टिपणं काढायचे. विल्यम जेम्सचा मोठा ग्रंथ १८९० चा आणि वुडवर्थचं पाठ्यपुस्तक १९२१ चं. ही पुस्तकं आजही मिळतात. सरांनी कोणतं पुस्तक वाचलं ते वहीतून कळेल, बाकावर बसलेल्या पोरांनी काय केलं ते नाही. रुखवत बघून त्या घरात रोज काय शिजतं ते कळत नाही, त्यातलाच हा प्रकार.

आपल्याकडे या विषयाची सुरुवातच याची साक्ष देते. कलकत्ता विद्यापीठात ब्रजेंद्रनाथ सील यांनी प्रायोगिक मानसशास्त्राचा अभ्यासक्रम १९०५ मध्ये तयार केला. स्वतंत्र विभाग सुरू झाला तो १९१६ मध्ये, नरेंद्रनाथ सेनगुप्तांच्या हाताखाली. म्हणजे अकरा वर्षं अभ्यासक्रम होता आणि विभाग नव्हता. कोणी फक्त अभ्यासक्रमाचा कागद बघून इतिहास लिहिला तर तो दहा-अकरा वर्षांनी चुकेल. कलकत्त्याची ही गत, तर तालुक्या-जिल्ह्याच्या गावांतल्या महाविद्यालयांत छापील अभ्यासक्रम आणि टेबलावरचा प्रयोग यांत किती अंतर असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

आता माझं उत्तर कशाकशावर अवलंबून आहे ते सांगते. आजोबा प्रॅक्टिकल स्वतः घ्यायचे की कोणी डेमॉन्स्ट्रेटर घ्यायचा, ते मला माहीत नाही. प्रयोगशाळा म्हणून स्वतंत्र खोली होती की एक गोदरेजचं कपाट होतं, तेही माहीत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे ट्रंका उघडल्यावर घरच्यांनी किती उलथापालथ केली? आजोबांनी ठेवले तसे कागद अजून असतील तर काम सोपं आहे. ‘इंग्रजी इकडे, मराठी तिकडे, पत्रं वेगळी’ असं कोणी आवरून ठेवलं असेल तर निम्मी माहिती गेली असं समजा. एका माणसाचे कागद एकत्र ठेवायचे आणि त्याने लावलेल्या क्रमानेच ठेवायचे, हा अभिलेखागारांचा जुना नियम आहे. अवधानावरच्या प्रकरणात एखादी हजेरीची चिठ्ठी खोचलेली असते. ती तिथे का आहे हे तिथे असेपर्यंतच विचारता येतं.

जर्नल मला इतकं मोलाचं का वाटतं, ते एका पानावरून दाखवते. म्युलर-लायरचा भ्रम घ्या: सारख्याच लांबीच्या दोन रेषा टोकांच्या बाणांमुळे लहान-मोठ्या दिसतात. १८८९ पासूनचा हा प्रयोग आपल्या प्रत्येक प्रॅक्टिकल वहीत असतो. एका फळीवर बाणाची टोकं आत वळलेली रेषा पक्की असते. दुसरी, टोकं बाहेर उघडलेली रेषा सरकवायची आणि दोन्ही सारख्या वाटल्या की थांबायचं. मागच्या बाजूला मिलिमीटरची पट्टी असते, तिच्यावर चूक वाचायची. निम्म्या वेळा रेषा लहानाची मोठी करत आणायची, निम्म्या वेळा मोठीची लहान. मग डावी-उजवी बाजू बदलायची. पानावर तक्ता, खाली सरासरी, आणि सगळ्यांत शेवटी एक रकाना: प्रयुक्ताचा, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग झाला त्याचा, अंतर्निरीक्षण अहवाल (प्रयोगाच्या वेळी मनात काय चाललं होतं ते).

हा शेवटचा रकाना लांबून आलेला आहे. वुंटने १८७९ मध्ये लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तिथे अंतर्निरीक्षण हे मुख्य साधनांपैकी एक होतं. त्याच्याकडे शिकलेल्या टिचनरने अमेरिकेत कॉर्नेलला त्याची शिस्तच बसवली. १९०१ ते १९०५ या काळात आलेल्या त्याच्या प्रयोगपुस्तिकांत विद्यार्थ्यांसाठी वेगळा भाग आणि शिक्षकांसाठी वेगळा भाग आहे. मनात डोकावणं सोडा, बाहेर दिसणारं वर्तनच अभ्यासा, असं म्हणत वर्तनवादी वॉटसनने १९१३ मध्ये या सगळ्याला नकार दिला. आपल्या जर्नलांमध्ये मात्र रकाना तसाच राहिला. एकाच बॅचची पंधरा-वीस जर्नलं शेजारी शेजारी ठेवून तो रकाना वाचा. बहुधा सगळीकडे हेच सापडेल: ‘सुरुवातीला मला थोडी भीती वाटली. नंतर प्रयोगात रस वाटू लागला.’ वर्गातल्या सगळ्यांना त्याच क्रमाने भीती वाटली आणि त्याच क्रमाने रस वाटू लागला! हसू येतं, पण इतिहास लिहिणाऱ्याला यातून पक्कं काहीतरी मिळतं. स्वतःच्या मनात डोकावून लिहायची गोष्ट फळ्यावरून उतरवायची झाली होती. हे कोणत्याही व्याख्यानाच्या वहीत लिहिलेलं सापडणार नाही.

मग त्या ढिगात वेगळं काही लिहिणारं एखादं जर्नल शोधायचं, आणि तिथे लाल शाईने काय केलंय ते बघायचं. माझ्या हातात आलेल्या एका गठ्ठ्यात एका मुलीने लिहिलं होतं की दोन-तीन वेळा झाल्यावर मला चलाखी कळली, म्हणून मी पुढे रेषा मुद्दाम थोडी लांब ठेवत गेले. तिची चूक तक्त्यात खरंच कमी होत गेलेली दिसत होती. सरांनी तिचे गुण कापले नव्हते. समासात एवढंच लिहिलं होतं: ‘मग उरलेली चूक डोळ्यांची की हिशेबाची?’ त्या मुलीने पुढच्या पानावर तीन ओळींचं उत्तर दिलं होतं आणि सरांनी त्याखाली सही केली होती. मानसशास्त्र शिकवणं म्हणतात ते हे, आणि ते रद्दीच्या गठ्ठ्यात होतं.

जर्नलांवरून दुसरी गोष्ट कळते ती कपाटाची. अनुक्रमणिका वर्षावर्षाने जुळवा. अभ्यासक्रमात बरेच प्रयोग असतात, पण जर्नलांत ठरावीकच पुन्हा पुन्हा येत असतील, तर कपाटात तेवढंच सामान होतं. आरशातलं रेखाटन, पत्ते वेगळे करणं, अक्षरं खोडणं, निरर्थक अक्षरांचं पाठांतर या प्रयोगांना स्टॉपवॉच आणि कागद पुरतो, म्हणून ते सगळीकडे असतात. प्रतिक्रियाकाल मोजायला सेकंदाचा हजारावा भाग दाखवणारं उपकरण लागतं, ते लहान महाविद्यालयांना कुठून परवडणार? एखाद्या वर्षी नवा प्रयोग अचानक सुरू झाला तर त्या वर्षीची खरेदीची बिलं आणि डेड स्टॉकच्या (टिकाऊ सामानाच्या) नोंदी शोधा. म्हणून सांगते, बिलं फेकू नका.

सायक्लोस्टाइलच्या कागदांकडेही असंच बघा. एबिंगहाउसने १८८५ मध्ये स्मरणावरचं काम प्रसिद्ध केलं, तेव्हापासून निरर्थक अक्षरगट म्हणजे दोन व्यंजनं आणि मध्ये स्वर. इंग्रजी पुस्तकांत अशा याद्या तयार मिळत. त्या जशाच्या तशा मराठी मुलांपुढे ठेवल्या तर रोमन लिपीतले काही गट सरळ नाक, कान, पान, मूल असे वाचले जातात. ते लगेच पाठ होतात आणि प्रयोगच फसतो. चांगल्या शिक्षकाच्या यादीत हे गट पेन्सिलने खोडलेले असतात आणि बाजूला बदली गट लिहिलेले असतात. तुमच्या कागदांत तशी खाडाखोड दिसली तर तो कागद वेगळ्या पाकिटात घालून ठेवा, मात्र तो कोणत्या फायलीत होता ते पाकिटावर लिहा. बुद्धिमापनाचे कागद निघाले तर तिथेही हेच. बिने-सिमाँ कसोटी मूळची १९०५ ची फ्रेंच. व्ही. व्ही. कामत यांनी तिच्या आधारे मराठी आणि कन्नड मुलांसाठी कसोटी तयार केली, त्यांचं पुस्तक १९४० चं. आजोबांनी त्यातलं काय जसंच्या तसं वापरलं आणि कुठे हात घातला, हे बघण्यासारखं असेल.

म्हणजे व्याख्यानाच्या वह्या टाकाऊ आहेत का? तसं नाही, फक्त त्या वेगळ्या वाचाव्या लागतात. मधला मजकूर सोडा आणि कडा वाचा. अनेक जण उजव्या पानावर लिहून डावं कोरं ठेवत. त्या डाव्या पानावर पुढल्या वर्षांची भर वेगळ्या शाईत असते. फ्रॉइड कधी आत आला, वर्तनवादाला किती पानं मिळाली, आकडेशास्त्र कुठून सुरू झालं, ते तिथे दिसतं. समासात ‘इथपर्यंत’ लिहून तारीख टाकलेली असेल तर शिकवण्याचा वेगही कळतो. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत संवेदन संपायचं आणि भावनांवरचं प्रकरण परीक्षेच्या तोंडावर उरकायचं, हे मी एकाहून अधिक वह्यांत बघितलंय. मी शिकवत होते तेव्हाही फार वेगळं नव्हतं.

आजोबा कोणत्या परंपरेतले, याचाही वह्यांवरून अंदाज बांधता येतो. सेनगुप्ता हार्वर्डला म्युन्स्टरबर्गकडे शिकले होते आणि म्युन्स्टरबर्ग वुंटचा विद्यार्थी. त्यामुळे कलकत्त्याचं वळण प्रयोगशाळेचं. त्याच शहरात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये मनोविश्लेषणाची संस्था काढली, तो दुसरा प्रवाह. म्हैसूरला १९२४ मध्ये विभाग उभा केला तो गोपालस्वामींनी. ते लंडनला स्पिअरमनकडे तयार झालेले, म्हणजे बुद्धिमत्ता आणि तिचं मापन यांकडे ओढा. आजोबांनी एम.ए. कुठे केलं आणि त्यांना कोणी शिकवलं ते घरच्यांना विचारून घ्या. मात्र वहीत स्पिअरमनचं नाव दहादा आलं म्हणून आजोबा स्पिअरमनवाले ठरत नाहीत. त्या वर्षी परीक्षेला तो प्रश्न असेल, एवढंही कारण पुरतं.

आता तारखांचं. निम्म्या कागदांवर साल नसतं, पण खुणा असतात. नाशकात एचपीटी महाविद्यालय १९२४ पासून आहे. पुणे विद्यापीठ झालं १९४९ मध्ये, त्याआधी इकडच्या महाविद्यालयांच्या परीक्षा मुंबई विद्यापीठाच्या. म्हणजे प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावरचं नाव बघितलं तरी एक रेघ ओढता येते. बिलात आणे-पै असतील तर ते बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचं. ‘नवे पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ च्या आसपासचं. पाकिटावर पिनकोड असेल तर ते १९७२ च्या १५ ऑगस्टनंतरचं. पिनकोड नसेल तर मात्र काही सिद्ध होत नाही, लोक कितीतरी वर्षं पिन लिहीत नव्हते. वाडा नदीच्या बाजूला असेल आणि खालच्या कागदांवर पाण्याची एकसारखी रेघ असेल, तर १९६९ चा पूर घरात आला होता का ते विचारा. त्या रेघेखालचे कागद पुराआधी तिथे होते, एवढं तरी ठरेल. पुढे २००८ आणि २०१६ लाही गोदावरीचं पाणी बाजारपेठेत आलं होतं, तेव्हा आधी घरच्यांच्या आठवणीशी ताडून घ्या.

काळी गुंडाळी मुळीच उलगडू नका. माझा अंदाज, तो कायमोग्राफचा कागद आहे. फिरत्या नळकांड्यावर गुळगुळीत कागद गुंडाळायचा, रॉकेलच्या ज्योतीवर धरून काजळी चढवायची, आणि फिरताना बारीक काडी काजळी खरवडत पांढरी रेघ ओढत जायची. स्नायूंचा थकवा, श्वास अशा गोष्टी त्यावर नोंदवत. नंतर तो लाखेच्या पातळ व्हार्निशमधून काढला तर टिकतो. काढला नसेल तर बोट लागलं की रेघ गेली. आणि कडक झालेला असेल तर उलगडताना तुकडे पडतील. आहे तसा स्वच्छ कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या नळीत ठेवा.

पितळी वस्तू बहुधा स्पर्शमापक असावा. त्वचेवर दोन टोकं एकदम टेकवायची आणि किती जवळ आणल्यावर ती एकच वाटतात ते बघायचं. बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटरचं अंतर कळतं, कोपराखालच्या हातावर तीन-चार सेंटिमीटर लागतात. टोकं बोथट आहेत का आणि दांडीवर मिलिमीटरच्या खुणा आहेत का ते बघा. टोकं अणकुचीदार असतील तर ती भूमितीची वस्तूही असू शकते. आणि कृपा करून पितांबरीने घासू नका, खुणा आणि कोरलेलं नाव दोन्ही जाईल.

बाकी निगा थोडक्यात. गंजलेल्या टाचण्या हळूच काढा, प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, सेलोटेप आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. बुरशी दिसली तर तोंडाला मास्क लावून सावलीत वाळवा, उन्हात नाही. कसर लागलेला गठ्ठा दुसऱ्या गठ्ठ्यांजवळ ठेवू नका. पावसाळ्याच्या आत हे कागद वाड्यातून कोरड्या खोलीत हलले पाहिजेत.

ज्या एका बाबतीत मी कडक आहे ती म्हणजे नावं. मानसशास्त्राच्या सरांकडे लोक मुलांना घेऊन यायचे, पत्रं लिहायचे. ‘मुलगा रात्री झोपत नाही’, ‘मुलगी लग्नाला नाही म्हणते’ अशी पत्रं या ट्रंकांत हमखास निघतात. मुलांच्या बुद्ध्यंकांच्या याद्याही निघतात. ती मुलं आज सत्तर-ऐंशीची आहेत आणि नाशिक कितीही वाढलं तरी कोणी ना कोणी ओळखतंच. हे काही समाजमाध्यमांवर टाकायचं नाही, अगदी ‘आमच्या आजोबांचा मोठेपणा’ म्हणूनसुद्धा नाही. वेगळ्या पाकिटात, पाकिटावर ‘बंद’ असं लिहून ठेवा. शिवाय पत्र तुमच्या घरात असलं तरी त्यातल्या मजकुराचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा असतो. आजोबांच्या स्वतःच्या लिखाणाचा हक्क, त्यांनी काही वेगळं करून ठेवलं नसेल तर, वारसांचा. प्रसिद्ध लिखाणावर तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. चुलतभावाला एवढं सांगा की वह्या छापण्याआधी त्या काळची पाठ्यपुस्तकं शेजारी ठेवून ताडून बघ. पानंच्या पानं उतरवलेली निघाली तर ते पुस्तक आजोबांचं राहणार नाही.

आणि लिहायचं ठरवलंत तर आवाका लहान ठेवा. ‘नाशकातलं मानसशास्त्राचं शिक्षण’ हे शीर्षक या दोन ट्रंकांना पेलणार नाही. एका शिक्षकाचा वर्ग, अमुक साल ते अमुक साल, एवढं मात्र भक्कम लिहिता येईल. त्या बॅचमधले दोन-चार विद्यार्थी भेटले तर त्यांना ‘सर कसे होते’ विचारू नका. सर देवमाणूस होते, हेच उत्तर येईल. ‘जर्नल कोणाचं बघून लिहिलंत?’ विचारा, मग गप्पा खऱ्या होतात.

मूळ कागद कुठे द्यायचे ते शेवटी ठरवा. नाशकात सार्वजनिक वाचनालय १८४० पासून आहे, आजोबांचं महाविद्यालय आहे, पुण्यात विद्यापीठ आहे. प्रत्येक ठिकाणी आधी विचारा की सुटे, न बांधलेले कागद घेता का, आणि घेतलेत तर यादी कोण करणार. तोंडी ‘आणून ठेवा’ म्हणाले तर ठेवू नका. देणगीपत्र करा आणि बंद पाकिटं किती वर्षं उघडायची नाहीत ते त्यात लिहून घ्या. जर्नलं आणि वह्या वेगवेगळ्या ठिकाणी मात्र देऊ नका.

तुमच्या हातात एकच रविवार असेल तर एवढं करा. कपाट आणि ट्रंका आहेत तशा मोबाईलवर टिपा, वरून खाली, थराथराने. प्रत्येक गठ्ठ्याला चिठ्ठी लावा: कोणती ट्रंक, वरून कितवा. मग गठ्ठे न सोडता हलवा. पितळी वस्तूच्या पेटीच्या झाकणाच्या आत बनवणाऱ्याचं लेबल असतं, त्याचा आणि जर्नलांच्या एका अनुक्रमणिकेचा फोटो इथे टाका. अनुक्रमणिकेचा टाकताना विद्यार्थ्याचं नाव झाका.